गाडीतलं घर निवडताना

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या सत्रात प्रत्येकाने आपल्या सध्याच्या आयुष्यातली एखादी उपयोगी गोष्ट वीस मिनिटांत सांगायची असं ठरलं, तेव्हा मी सॉफ्टवेअरवर बोलायची तयारी दाखवली होती. संयोजकांनी ताबडतोब हात जोडले. "ते आमची पोरं आम्हाला रोज ऐकवतात. तू त्या गाडीतल्या घराबद्दल बोल," असा हुकूम आला. ग्रुपवर मी आमच्या मोटरहोमचे फोटो टाकले तेव्हापासून माझ्याकडे प्रश्नांची रांग लागली आहे. आत किती माणसं झोपतात? संडास कुठे असतो? भाकरी करता येते का? आणि आपल्यातल्या दोघा-तिघांनी अगदी गंभीरपणे विचारलं की, पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीला येऊन अशी गाडी भाड्याने घ्यायची आहे, तर कुठली घ्यावी?

आज मी या शेवटच्या प्रश्नाचंच उत्तर देणार आहे. कंपनी कुठली, इंजिन कुठलं, यावर मी बोलणार नाही. मी आतल्या मांडणीवर बोलणार आहे. सहा-सात मीटर लांबीच्या खोक्यात पलंग कुठे, ओटा कुठे, न्हाणीघर कुठे, यावर तुमची सहल सुखाची होणार की भांडणाची, हे ठरतं. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. मांडणी निवडताना दिवसाचा विचार नंतर करा, आधी रात्रीचा करा. आणि तोही घरातल्या त्या माणसाच्या बाजूने करा, ज्याला उठाबसायला सगळ्यांत जास्त त्रास होतो.

आधी थोडी ओळख. युरोपात या गाड्या चार प्रकारच्या दिसतात. पहिली कॅम्पर व्हॅन. मालवाहू व्हॅनच्या पत्र्याच्या आतच घर बसवलेलं असतं. रुंदी साधारण दोन मीटर पाच सेंटिमीटर, लांबी बहुतेक वेळा सहा मीटरच्या आत. गल्लीबोळात शिरते, पण आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागतं. दुसरी सेमी-इंटिग्रेटेड. व्हॅनचं पुढचं तोंड तसंच ठेवून मागे दोन मीटर तीस सेंटिमीटरच्या आसपास रुंदीचं खोकं बांधतात. तिसरी अल्कोव्ह. ती तशीच, पण ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला एक माळा असतो आणि त्या माळ्यावर कायमचा पलंग असतो. चौथी इंटिग्रेटेड. तिच्यात पुढची काचसुद्धा घर बांधणाराच बसवतो, त्यामुळे ती लहानशा बससारखी दिसते आणि किमतीलाही तशीच असते.

हे सगळं आलं कुठून, याची एक गोष्ट मला फार आवडते. दक्षिण जर्मनीत इस्नी नावाचं गाव आहे. तिथे आरिस्ट डेथलेफ्स हा गृहस्थ चाबूक आणि स्कीइंगच्या काठ्या बनवणाऱ्या घरच्या कारखान्याचा माल विकायला गावोगाव हिंडायचा. त्याची होणारी बायको फ्रिडेल एडेलमान चित्रकार होती. त्याच्याबरोबर फिरता यावं आणि वाटेत चित्रंही काढता यावीत, अशी तिची इच्छा. म्हणून त्याने १९३१ मध्ये मोटारीमागे ओढायचं एक घर बांधलं. जर्मनीतलं हे पहिलं कॅराव्हॅन मानलं जातं. पुढे त्याच नावाची मोठी कंपनी झाली. म्हणजे या धंद्याचा पहिला नकाशाच मुळी एका विशिष्ट माणसाच्या गरजेवरून निघाला होता. आज प्रदर्शनात गेलात तर शेकडो नकाशे तयार असतात आणि आपण आपली गरज त्यांत कोंबतो. मी म्हणते, उलटं करा. आधी माणसं मांडा.

आमच्या घरची माणसं चार. मी आणि नवरा, दोघंही पंचेचाळिशीच्या आसपास. नवऱ्याची उंची सहा फूट. मुलगी पंधरा वर्षांची. आणि आई. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, उंची चार फूट अकरा इंच, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं ती पुढे ढकलते आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिच्या हातचं खाल्लं आहे. बाबा गेल्यानंतर ती दर उन्हाळ्यात आमच्याकडे येते. व्हिसावर नव्वद दिवस राहता येतं. पण बाबांच्या माघारी तिने एक वाक्य धरून ठेवलं होतं: "तुम्ही फिरून या, मी घरी थांबते." तिला फिरायचं नव्हतं असं नाही. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा व्हायला नको, एवढंच तिचं म्हणणं. तेव्हा आमच्या घराला हवी असलेली मांडणी म्हणजे काय, तर जिच्यात आई कुणाचा खोळंबा न करता राहू शकेल ती.

आता पलंग. हा विषय सर्वांत मोठा, म्हणून जरा सावकाश सांगते.

व्हॅनमध्ये मागच्या बाजूला आडवा पलंग असतो. नवरा-बायकोला ठीक. पण आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठायचं असेल तर बाहेरच्याला ओलांडून यावं लागतं. शिवाय गाडीची रुंदी तीच पलंगाची लांबी, म्हणजे उंच माणसाचे पाय मुडपतात.

दुसरा प्रकार म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने दोन्ही भिंतींना लागून दोन स्वतंत्र पलंग. जर्मनीतल्या निवृत्त जोडप्यांचा हा आवडता प्रकार. कुणी कुणाला ओलांडत नाही. फक्त त्यांच्याखाली सामानाची मोठी डिकी असते, म्हणून पलंग उंचावर जातात आणि चढायला दोन-तीन पायऱ्या लागतात.

तिसरा बेटासारखा पलंग. मधोमध डबल बेड आणि दोन्ही बाजूंनी उतरायला वाट. झोपायला सर्वांत सुखाचा, जागा खायलाही सर्वांत पटाईत. चौथा फ्रेंच बेड. कोपऱ्यात डबल बेड आणि त्याला चिकटून न्हाणीघर. गाडी लांबीला कमी राहते, पण भिंतीकडच्या माणसाची अडचण व्हॅनसारखीच.

पाचवा छतातून खाली येणारा पलंग. दिवसा छताला चिकटलेला, रात्री बटण दाबलं की बैठकीवर उतरतो. प्रदर्शनात हा बघून सगळे खूश होतात. पण आपल्या रेल्वेतली मिडल बर्थ आठवा. ती एकदा उघडली की खालच्या माणसाला धड बसता येत नाही. तसंच इथे आहे. हा पलंग खाली आला की बैठक गेली, आणि काही गाड्यांत बाहेरचं दारही निम्मं अडतं.

सहावा प्रकार म्हणजे मागच्या भिंतीला एकावर एक दोन बर्थ. थेट स्लीपर कोचसारख्या. याला सगळे मुलांची मांडणी म्हणतात. आणि सातवा प्रकार, टेबल खाली करून बैठकीचाच पलंग करायचा. एखाद्या रात्रीच्या पाहुण्याला ठीक. रोज रात्री अंथरायचा आणि सकाळी आवरायचा असेल तर चौथ्या दिवशी घरात तोंडं फिरलेली असतात.

कागदावर हे सगळं कळतं, पण शरीराला कळायला तिथे राहावं लागतं. म्हणून आम्ही दोन उन्हाळ्यांत तीन वेगवेगळ्या गाड्या भाड्याने घेतल्या. उन्हाळ्यात भाडं रात्रीला शंभर युरोच्या वर जातं, पण गाडीच्या किमतीपुढे ती परीक्षेची फी समजा.

पहिली गाडी दोन स्वतंत्र पलंगांची. आम्ही तलावाकाठी, लेक कॉन्स्टन्सजवळ चार दिवस होतो. मागचे पलंग आई आणि मुलीला, आम्ही दोघं छतातून येणाऱ्या पलंगावर. आईला विचारलं, बरं वाटतंय का? "अगदी छान," म्हणाली. तिसऱ्या दिवशी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, आजी दुपारी चारनंतर पाणी पीत नाही." जुलै महिना, चांगलं ऊन, आणि ही बाई तहानलेली बसत होती. कशासाठी? रात्री त्या पायऱ्या उतरायला लागू नयेत आणि उतरताना कुणाची झोप मोडू नये म्हणून. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. करणारही नव्हती. आपल्या आया तक्रार करत नाहीत, त्या पाणी बंद करतात.

त्या दिवशी आमच्या यादीतली पहिली ओळ पक्की झाली: आईचा पलंग खुर्चीच्या उंचीचा आणि संडासाचं दार तिच्या हाताच्या अंतरावर. बाकी सगळं त्यानंतर.

दुसरी गाडी बेटाच्या पलंगाची. आईला एक बाजू मिळाली, एकच पायरी होती, संडास जवळ. रात्रीचा प्रश्न बराचसा सुटला आणि पहाटेचा उभा राहिला. आई पाचला उठते. चहा, मग पोथी, मग दाराशी बसून बाहेर बघणं. आणि पाचला आम्ही दोघं त्या छतातून आलेल्या पलंगावर, म्हणजे नेमके तिच्या बैठकीवर, घोरत असायचो. ती सात वाजेपर्यंत अंधारात पडून राहायची. मिडल बर्थ वर जायची वाट बघत बसलेला प्रवासी तुम्ही पाहिला असेल, तसं.

म्हणून तिसरी गाडी आम्ही अल्कोव्ह घेतली, मागे दोन बर्थवाली. माळ्यावरच्या पलंगावर आम्ही दोघं. तो पलंग कायमचाच वर असल्यामुळे बैठक रात्रभर मोकळी. मागे वरच्या बर्थवर मुलगी, खालच्या बर्थवर आई. खालची बर्थ खुर्चीइतकी उंच, लांबी दोन मीटर, आणि न्हाणीघराचं दार अगदी शेजारी. बर्थ रुंदीला ऐंशी सेंटिमीटर, डोक्यावर वरची बर्थ, त्यामुळे बसताना मान वाकवावी लागते. पण आईच्या उंचीला ते जमतं. पहाटे पाचला तिने आमच्या माळ्याचा पडदा ओढून घेतला, लहान दिवा लावला, चहा केला आणि बैठकीवर पोथी उघडून बसली. रात्री दोनदा उठल्याचं तिने मला सकाळी स्वतःहून, अगदी सहज सांगितलं. आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. मला तर वाटतं, ते सांगतानाचा तिचा चेहरा बघूनच आमची खरेदी ठरली.

पुढे जानेवारीत श्टुटगार्टच्या प्रदर्शनात आम्ही तीच मांडणी मागितली, तेव्हा विक्रेत्याने विचारलं, "मुलं किती वर्षांची?" मी म्हटलं, "एक पंधरा वर्षांची, एक चौऱ्याहत्तर वर्षांची." तो हसला, मग गप्प झाला आणि खालच्या बर्थची उंची मोजायला स्वतः टेप घेऊन आला.

अल्कोव्हचे तोटेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही गाडी खपवायला आली आहे. उंची तीन मीटरच्या वर जाते, म्हणून प्रत्येक पुलाखाली पाटी वाचावी लागते आणि झाडाच्या फांद्यांवर डोळा ठेवावा लागतो. वारा असेल तर गाडी हेलकावे खाते आणि डिझेल जास्त पिते. हिवाळ्यात माळा गार पडतो. शिवाय शिडी चढून वर जायचं असतं, आणि गुडघे काही फक्त आईलाच नाहीत. आणखी दहा वर्षांनी ही मांडणी आम्हाला चालणार नाही. तेव्हा गाडी विकू. मांडणी आजच्या माणसांसाठी घ्यायची असते.

आता बसायची सोय. इथे दोन आकडे वेगवेगळे असतात, हे नीट ध्यानात ठेवा: किती माणसं झोपतात आणि किती माणसं पट्टा लावून बसतात. कागदावर सहा झोपायच्या जागा असलेल्या गाडीत पट्टे चारच असू शकतात. धावत्या गाडीत पट्ट्याशिवाय बसता येत नाही, मग ती सोफ्यावरची जागा कितीही मऊ असो. भाड्याने घेताना पहिला प्रश्न पट्ट्यांचा विचारा. त्यानंतर पावसाळी दिवसाचा विचार करा. पुढच्या दोन खुर्च्या मागे वळतात आणि टेबलाला येऊन मिळतात. चारही माणसं एकाच वेळी टेबलाशी बसू शकतात का, आणि त्यातलं एक माणूस उठलं तर बाकीच्या तिघांना उठावं लागतं का, हे प्रत्यक्ष बसून बघा.

स्वयंपाकघराबद्दल बायकांनी विचारलं, आणि दोन पुरुषांनीही विचारलं, त्यांचं कौतुक. शेगडीला दोन किंवा तीन बर्नर असतात, पण ते इतके जवळजवळ की मोठी कढई आणि कुकर एका वेळी मावत नाहीत. ओटा हातभर. भाकरी होते, फक्त ती जेवणाच्या टेबलावर थापायची. खरी अडचण फोडणीची. इथल्या मांडण्या पाव, चीज आणि कॉफी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. लहान गाड्यांत ओटा पलंगाच्या पायथ्याशी असतो. तिथे मोहरी-हिंगाची फोडणी दिलीत तर उशीला आठवडाभर वास येतो. म्हणून ओटा आणि पलंग यांच्यामध्ये न्हाणीघर किंवा निदान एखादं दार आहे का, ओट्याच्या वर छताला झरोका आहे का, हे बघा. आम्ही फोडणीची छोटी शेगडी बाहेर मांडतो. शेजारचे जर्मन आजी-आजोबा वासाने येतात आणि पोहे खाऊन जातात.

न्हाणीघराचे दोन प्रकार. एकात संडास, बेसिन आणि शॉवर सगळं एकाच कपाटात. आंघोळीनंतर सगळं पुसून घ्यायचं. दुसऱ्यात शॉवर वेगळा. चार माणसांत वेगळा शॉवर असेल तर सकाळ सोपी जाते. मैला एका काढता येणाऱ्या टाकीत जमतो. ती साधारण अठरा-वीस लिटरची असते. चार माणसांना ती दोन दिवस पुरते, मग ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. हे काम घरात कोण करणार, ते निघण्यापूर्वी ठरवा. वयस्कर माणूस असेल तर न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजा, आत धरायला दांडा बसवता येईल अशी भिंत आहे का बघा, आणि गाडीत शिरायची पहिली पायरी किती उंच आहे ते बघायला विसरू नका. आम्ही बाहेर एक रुंद लाकडी पाट ठेवतो. त्याचं काम मोठं आहे.

आता वजन. इथे मागच्या बाकावरच्यांनी झोपू नका, कारण हा भाग परीक्षेत येतो.

माझ्याकडे जर्मनीत परीक्षा देऊन काढलेला मोटारीचा साधा परवाना आहे. त्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. बहुतेक मोटरहोम याच मर्यादेत बसवलेल्या असतात. त्याहून जड गाडीला वेगळा परवाना लागतो, जर्मनीच्या महामार्गावर तिला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ऑस्ट्रियात तिला किलोमीटरवर टोल भरायचं वेगळं यंत्र लावावं लागतं. कंपनीच्या कागदावर 'तयार गाडीचं वजन' असतं. त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि डिझेल धरलेलं असतं, पण पाणी पुष्कळदा पूर्ण टाकीभर धरलेलं नसतं, वीसेक लिटरच धरतात.

समजा हे वजन २,९८० किलो आहे. उरले ५२०. ड्रायव्हर सोडून तीन माणसं, मिळून १९४ किलो. उरले ३२६. १२० लिटरची टाकी पूर्ण भरली तर आणखी १०० किलो गेले. बाहेर ओढायचं कापडी छप्पर २८, गॅसचं दुसरं सिलिंडर २४, टेबल-खुर्च्या २५, दोन सायकली स्टँडसह ६०. उरले ८९ किलो. आता त्यात चार माणसांचे कपडे, अंथरुणं, भांडी, तांदूळ, पीठ आणि आईची मसाल्याची पेटी बसवा. बसत नाही. नियमानुसार कंपनीने सामानासाठी कमीत कमी किती वजन मोकळं ठेवायचं, याचं सूत्र आहे: माणसांची संख्या अधिक गाडीची मीटरमधली लांबी, गुणिले दहा. चार माणसं आणि सात मीटर, म्हणजे ११० किलो. चार माणसांच्या तीन आठवड्यांना हे फारच कमी. म्हणून जितके जास्त पट्टे, जितके जास्त पलंग, तितकं सामान कमी, हे समीकरण आधीच मांडा. आम्ही सायकली सोडल्या आणि पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरतो.

आपल्या भागात उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते, तशी आम्ही सगळं सामान आणि सगळी माणसं भरून गाडी एकदा सार्वजनिक काट्यावर नेली. एकूण वजन बघितलं आणि पुढच्या-मागच्या चाकांचं वेगवेगळंही बघितलं. ते का, हे विज्ञानाच्या सरांनी तरफेच्या धड्यात शिकवलं होतं. मागचा आस हा टेकू. डिकी त्याच्या मागे लोंबते. दोन आसांमधलं अंतर चार मीटर असेल आणि मागच्या आसाच्या दीड मीटर मागे तुम्ही १०० किलो ठेवलेत, तर मागच्या आसावर साडेसदतीस किलो जास्त, म्हणजे १३७.५ किलो येतात, आणि पुढचा आस तेवढाच हलका होतो. पुढचीच चाकं ओढणारी असली तर ओल्या गवतावर ती जागच्या जागी फिरतात. सर, बघा, तरफ वाया गेली नाही.

आता कुणी काय घ्यावं, ते थोडक्यात. दोघंच असाल, गावागावांतून फिरायचं असेल आणि गुडघे ठीक असतील, तर सहा मीटरच्या आतली व्हॅन घ्या. दोघं असाल आणि एकाला रात्री उठावं लागत असेल, तर दोन स्वतंत्र पलंग, पण पायऱ्या मोजून. सोबत लहान मुलं असतील तर मागच्या बर्थ आणि वरच्या बर्थला जाळी. दोन जोडपी मिळून जाणार असाल, आणि आपल्या ग्रुपवर ही योजना शिजते आहे हे मला ठाऊक आहे, तर दोन्ही पलंग कायमचे हवेत आणि मध्ये एक तरी दार हवं. मैत्री तीस वर्षं टिकली आहे, ती एका घोरण्यापायी जायला नको. किंवा सरळ दोन लहान गाड्या घ्या.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळे आपल्याकडेही अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. ज्यांना युरोप लांब वाटतो त्यांनी इथेच दोन रात्री राहून बघावं. हिशोब तोच लागू आहे.

आणि शेवटी घरी करायचा अभ्यास. गच्चीवर खडूने सात मीटर बाय दोन मीटर तीसचा चौकोन आखा. ज्या गाडीचा नकाशा आवडला आहे, त्यातले पलंग, ओटा, न्हाणीघर मापाने आत काढा. मग घरातल्या सगळ्यांना बोलवा आणि प्रत्येकाला आपापल्या जागी झोपायला सांगा. रात्रीचे दोन वाजले आहेत असं समजा. सर्वांत वयस्कर माणसाला उठून न्हाणीघरात जाऊन परत यायला सांगा. वाटेत किती जणांना ओलांडावं लागलं, किती पायऱ्या लागल्या, ते मोजा. मग पहाटेचे पाच वाजले असं समजा, आणि लवकर उठणाऱ्याला बसायला जागा कुठे आहे ते बघा. पण त्या माणसाला "चालेल ना?" असं विचारू नका. ते "चालेल" म्हणणारच. तुम्ही बघा.

आईने या वर्षी व्हिसाचा अर्ज स्वतःच भरायला घेतला आहे, आणि यंदा नॉर्वेला जायचं असं मला फोनवर सांगितलं आहे. विचारलं नाही, सांगितलं. तेव्हा मला आता नॉर्वेचे घाट आणि फेरी बोटींचे दर बघायला लागणार आहेत. बोटीवर गाडीच्या लांबीप्रमाणे पैसे घेतात.

तुमच्यापैकी कुणी तिकडे आलात तर घरी जरूर या. गाडीत पट्टे चारच आहेत, पण पोहे कितीही जणांना पुरतील.